शाळेच्या रजिस्टरातला रहिवास

नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेला निघाले, की गेल्या दहा-अकरा वर्षांत उभ्या राहिलेल्या उच्च शिक्षणाच्या संस्था एकामागून एक लागतात. मिहानमध्ये एम्स आणि आयआयएम, जामठ्याचे स्टेडियम मागे टाकल्यावर डोंगरगावजवळच्या वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि ट्रिपल आयटी. तिथून थोडे पुढे गेले की बुटीबोरी. औद्योगिक वसाहत म्हणून हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. सूत, टायर, पोलाद, वीज, यंत्रांचे सुटे भाग असे पुष्कळ काही इथे तयार होते, आणि ते तयार करणाऱ्या हातांपैकी बरेचसे बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, झारखंड आणि शेजारच्या बालाघाट-छिंदवाड्यातून आलेले आहेत. ठेकेदाराकडे कामाला लागलेली ही माणसे बुटीबोरी, टाकळघाट आणि आसपासच्या गावांत एकेका खोलीत बिऱ्हाड थाटून राहतात. त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या नाहीतर जवळच्या खासगी अनुदानित शाळेत जातात, मराठी वा हिंदी माध्यमातून दहावी होतात, त्यातली काही बारावीही होतात. या लेखाचा विषय त्यांची पुढची वाट हा आहे. ती वाट गुणांपाशी अडते तेव्हा निदान कारण तरी समजते. पण पुष्कळदा ती कागदापाशी अडते, आणि मागितलेला कागद असा असतो की तो मिळवणे त्या मुलाच्या हातात कधीच नव्हते.

'कागदपत्रे नसलेले स्थलांतरित विद्यार्थी' म्हटले की अमेरिकेतली मेक्सिकोकडून आलेली मुले आठवतात. तिथला प्रश्न परदेशी नागरिकत्वाचा आहे. आपल्याकडे प्रश्नाचे रूप वेगळे आहे. बुटीबोरीतले हे मूल भारताचे नागरिक असते, त्याच्या आईवडिलांचे नाव कुठल्या तरी गावच्या मतदारयादीत असते, घरात आधार कार्ड असते. तरीही अधिवास, जात, उत्पन्न आणि जन्म या चार दाखल्यांच्या हिशेबात ते कागदाविना ठरते. २०११ च्या जनगणनेत देशांतर्गत स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींच्या वर होती. त्यात लग्न होऊन सासरी आलेल्या बायकांचा वाटा मोठा आहे हे खरे, पण पोटापाण्यासाठी राज्य ओलांडणाऱ्यांची संख्याही लहान नाही. इतक्या लोकांच्या मुलांना आपण ज्या राज्यात लहानाचे मोठे होऊ देतो, त्याच राज्याच्या महाविद्यालयात पाऊल टाकताना 'तुम्ही इथले कसे?' असे विचारतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की या प्रश्नाचे उत्तर शासनाच्याच दप्तरात, शाळेच्या रजिस्टरात वर्षानुवर्षे लिहिलेले आहे. ते ग्राह्य धरले पाहिजे.

आधी अडचण नीट पाहू. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी सीईटी कक्षाचा जो नियम आहे, त्यात महाराष्ट्राचा उमेदवार ठरण्याचा सरळ मार्ग असा: दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे, आणि त्याबरोबर एकतर महाराष्ट्रात जन्म झालेला असणे किंवा अधिवासाचा दाखला असणे. पहिली अट बुटीबोरीतले मूल पुरी करते. दुसरीत अडते. का अडते हे समजायला फार लांब जायला नको. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्याकडे आहे तशीच सिवानला आणि बालाघाटलाही आहे. बाप बुटीबोरीत कामाला, आई सातव्या महिन्यात माहेरी, मूल तिकडे जन्मते आणि सहा महिन्यांचे झाले की आईबरोबर परत येते. मुलाची जन्माची नोंद, झाली असलीच तर, दुसऱ्या राज्यातली. मग राहतो अधिवासाचा दाखला. त्यासाठी वडिलांच्या सलग रहिवासाचा पुरावा लागतो: भाडेकरार, वीजबिल, मालमत्ता कराची पावती, रेशनकार्ड. खोलीचे वीजबिल घरमालकाच्या नावाने येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती न पाळल्यास शिक्षाही आहे, पण महिना दोन-तीन हजारांच्या खोलीचा करार नोंदवायला कोण जातो? रेशनकार्ड गावाकडचे. नोकरीचा पुरावा द्यावा तर ठेकेदार दर दोन वर्षांनी बदललेला.

खरे तर हा पुरावा तयार व्हावा अशी कायद्याची योजना फार पूर्वीची आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, १९७९ मध्ये ठेकेदाराने प्रत्येक कामगाराला त्याच्या छायाचित्रासह पासबुक द्यावे असे बंधन होते. कामाचे ठिकाण, मुदत, मजुरी, सगळे त्यात लिहायचे होते. ही पासबुके नियमाप्रमाणे दिली गेली असती, तर आज बापाच्या वीस वर्षांच्या रहिवासाचा पुरावा ट्रंकेत सापडला असता. ती दिली गेली नाहीत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्यावर तो कायदाच इतिहासजमा झाला. म्हणजे घरमालकाने आपले कर्तव्य केले नाही, ठेकेदाराने केले नाही, त्या दोघांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यांनी केले नाही, आणि या सगळ्यांच्या कसुरीची भरपाई बारावी झालेल्या पोराने करायची, अशी आजची व्यवस्था आहे. सेतू केंद्रात दाखल्यासाठी गेलेल्या मुलीला खिडकीतून सांगितले जाते: वडिलांचा दहा वर्षे आधीचा पुरावा आणा. दहा वर्षांपूर्वी ती आठ वर्षांची होती आणि त्या वेळी ती कुठे होती, हे त्या खिडकीपासून चार-दोन किलोमीटरवरच्या शाळेत हजेरीपटावर रोज लिहिले जात होते.

शाळेच्या कागदांकडे म्हणूनच बारकाईने पाहावे लागते. महाराष्ट्रात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, राष्ट्रीयत्व, मातृभाषा, धर्म, जात व पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अक्षरी व अंकी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख अशा साऱ्या नोंदी असतात. तो शाळेच्या जनरल रजिस्टरवरून उतरवला जातो. त्याशिवाय सरल प्रणालीत प्रत्येक मुलाची नोंद आहे, यू-डायसमध्ये आहे, कायम शिक्षण क्रमांक आहे. पोषण आहाराचा हिशेब मुलांच्या हजेरीवर चालतो. एखाद्या माणसाच्या एका ठिकाणच्या वास्तव्याचा इतका सलग, इतका तपासलेला आणि शासनाने स्वतःच ठेवलेला पुरावा दुसरा कुठला दाखवता येईल? वीजबिल तर फक्त घराचे वास्तव्य सांगते. रजिस्टर माणसाचे सांगते. आणि गंमत नव्हे, गंभीर बाब अशी, की हेच रजिस्टर महसूल खाते जन्मतारखेसाठी आणि जातीसाठी पुरावा म्हणून मागते, आजोबांचा दाखला चौथीचा असला तरी शोधून आणायला लावते. जातीसाठी जे दप्तर इतके विश्वसनीय आहे, ते रहिवासासाठी अपुरे का ठरावे याचे समाधानकारक उत्तर मला कुठल्याही शासन निर्णयात सापडलेले नाही.

जातीच्या दाखल्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिथे सावधपणे बोलायला हवे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांना कुटुंब महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावे लागते. २००१ पासून अमलात असलेल्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पुराव्याचा भार अर्जदारावर आहे. परराज्यातून आलेल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा पायाभूत निकालही महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला आहे: मर्री चंद्रशेखर राव विरुद्ध मुंबईचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, १९९०. आंध्रात अनुसूचित जमातीच्या कुटुंबात जन्मलेला, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आलेला तो विद्यार्थी होता. एका राज्यातली अनुसूचित जमात दुसऱ्या राज्यात आपोआप अनुसूचित ठरत नाही, कारण यादी त्या त्या राज्याच्या सामाजिक परिस्थितीला धरून केलेली असते, असे घटनापीठाने ठरवले. या तर्कात तथ्य आहे आणि तो मी नाकारत नाही. पण त्याचा बुटीबोरीत होणारा परिणाम पाहा. बिहारमधल्या दलित कुटुंबातली मुलगी वारंग्याच्या ट्रिपल आयटीत किंवा मिहानच्या एम्समध्ये अनुसूचित जातीच्या जागेवर हक्क सांगू शकते, कारण तिथले प्रवेश देशपातळीवर होतात. त्याच रस्त्यावर, नागपूर शहरातल्या राज्य शासनाच्या महाविद्यालयात मात्र ती खुल्या वर्गातली, आणि अधिवासाचा दाखला नसेल तर महाराष्ट्राबाहेरची. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी तिने मूळ राज्याकडे अर्ज करायचा, जिथे तिचे कुटुंब आता राहत नाही आणि जिथल्या शाळेत ती कधी गेलेली नाही. जी अस्पृश्यता तिच्या बापाने तिकडे सोसली ती राज्याची हद्द ओलांडताना तिथेच राहून गेली असे समजणे कठीण आहे.

विदर्भात या तर्काला आणखी एक पदर आहे, जो मुंबई-पुण्याच्या चर्चेत सहसा येत नाही. १० ऑगस्ट १९५० ला बुटीबोरी मध्य प्रदेशात होती. त्या राज्याची राजधानी नागपूर होती. बालाघाट, छिंदवाडा, दुर्ग, रायपूर हे जिल्हे आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे जिल्हे एकाच सरकारखाली होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. तेव्हा बालाघाटचा एखादा आजोबा १९५० मध्ये नागपूरला मिलमध्ये कामाला आला, तर त्याने राज्य ओलांडलेच नव्हते; सहा वर्षांनी राज्यानेच त्याच्या आणि त्याच्या गावाच्या मधून रेष ओढली. २००३ मध्ये सुधाकर विठ्ठल कुंभरे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने छिंदवाडा आणि विदर्भ यांच्या या जुन्या एकत्रपणाची दखल घेतली होती. दोन्हीकडे अनुसूचित असलेल्या जमातीच्या माणसाच्या बाबतीत तो विचारात घ्यायला हवा, असा त्या निकालाचा रोख आहे. दाखल्याच्या टेबलापर्यंत हा इतिहास क्वचितच पोचतो. तिथे आजचा नकाशा असतो आणि पन्नास सालची तारीख.

राज्याच्या आतल्या आत भटकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तर याहून जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले ते ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९६१ ला, ते कुठे राहत होते याचा कागद आज त्यांच्या नातवाकडून मागितला जातो. ज्याचे पाल दर पंधरा दिवसांनी हलत होते, ज्याला गावात मुक्काम करायला पोलीस पाटलाची परवानगी घ्यावी लागत होती, त्याच्या नावे सातबारा किंवा कोतवाल बुकातली नोंद निघावी कशी? नागपूर जिल्ह्याच्या वीटभट्ट्यांवर, रस्त्याच्या कामांवर आणि कारखान्यांच्या भोवतीच्या मोकळ्या जागेत अशी कुटुंबे आजही दिसतात. त्यांची मुले भाषेने मराठी, पिढ्यांनी महाराष्ट्राची, आणि तरी दाखल्याच्या बाबतीत ओडिशाहून काल आलेल्या मजुराच्या मुलासारखीच रिकाम्या हातांची. म्हणून हा प्रश्न 'परप्रांतीय' या एका शब्दात बसत नाही. आपलेपणाचा निकष कागद झाला की पहिला बळी आपल्यातल्याच कागद नसलेल्यांचा जातो.

इथवरचे वाचून काही रास्त आक्षेप मनात येतील. सर्वांत मोठा आक्षेप बोगस दाखल्यांचा. महाराष्ट्राने हे दुखणे फार भोगले आहे. १९९४ चे कुमारी माधुरी पाटील प्रकरण, ज्यातून पडताळणी समित्या आणि दक्षता पथकांची आजची रचना आली, ते याच राज्यातले. खोट्या दाखल्याने घेतलेली जागा खऱ्या आदिवासी मुलाच्या तोंडचा घास असते, आणि तिथे ढिलाई नको हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु मी जो बदल सुचवतो आहे तो जातीच्या पडताळणीत नाही, रहिवासाच्या पुराव्यात आहे. शिवाय बोगस दाखला कोण मिळवतो हे पाहिले पाहिजे. त्याला दलाल लागतो, पैसा लागतो, कचेरीत ओळख लागते. खोलीत राहणाऱ्या मजुराकडे यातले काहीच नसते. आणि पाच-सात वर्षांच्या हजेरीपटाची बनावट करणे हे एका भाडेकराराची बनावट करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यात शाळा, केंद्रप्रमुख, सरलची नोंद, परीक्षा मंडळ, सगळ्यांना सामील करावे लागेल. फसवणुकीचीच भीती असेल, तर शाळेचा पुरावा आजच्या पुराव्यापेक्षा मजबूत आहे.

दुसरा आक्षेप भूमिपुत्रांचा. आमच्या पोरांना जागा पुरत नाहीत, तिथे बाहेरच्यांना कशाला? ही भावना विदर्भात तर समजण्यासारखी आहे. इथल्या तरुणाला स्वतः पुण्याला जाऊन 'बाहेरचा' व्हावे लागते. पण ज्या मुलाने इथल्या शाळेत मराठी शिकून इथल्या मंडळाची दहावी आणि बारावी दिली, ज्याच्या बापाच्या घामावर इथल्या कारखान्याचा कर राज्याच्या तिजोरीत जातो, ते बाहेरचे कोणत्या अर्थाने? न्यायालयांचीही यावर दीर्घ चर्चा आहे. १९५५ च्या डी. पी. जोशी प्रकरणात रहिवासावर आधारलेला फरक मान्य झाला. १९८४ च्या प्रदीप जैन निकालात मात्र भारतीयाचा अधिवास एकच, भारत, असे बजावले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल प्रकरणात पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरचे रहिवासी आरक्षण घटनाबाह्य ठरले. पदवीच्या पातळीवर राज्याने आपल्या रहिवाशांना झुकते माप द्यावे याला आजही हरकत नाही. प्रश्न इतकाच उरतो, की रहिवासी कोण हे मोजायचे कशाने.

आणि या मोजणीत महाराष्ट्राने स्वतःच मोठे मन दाखवल्याचा दाखला आहे. बेळगाव, कारवार, बिदर भागातल्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना सीईटीच्या नियमांत स्वतंत्र उमेदवारी आहे. ती मुले महाराष्ट्रात जन्मलेली नसतात, राहत नाहीत, त्यांच्या शाळाही महाराष्ट्र मंडळाच्या असतीलच असे नाही. तरी आपण त्यांना आपले मानतो, आणि ते योग्यच आहे. याचा अर्थ असा, की अधिवासाचा कागद हा अंतिम शब्द नाही हे राज्याने तत्त्वतः मान्य केलेले आहे. जिथे नाते खरे आहे तिथे नियम वाकवता येतो. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठवाड्यात कुणबी दाखल्यांसाठी गावपातळीवरच्या समित्या नेमल्या, आणि जमिनीचा कागद नसलेल्यांना रहिवासाबद्दल प्रतिज्ञापत्र देण्याची सोय ठेवली. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलले गेले आहे, तो वाद इथे नको. पण त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली: कागद नसेल तर अधिकाऱ्याने गावात जाऊन चौकशी करावी ही पद्धत प्रशासनाला येते आणि जमते. ज्यांच्या मागे लाखोंचा मोर्चा आहे त्यांच्यासाठी ती वापरली गेली. ज्यांच्या मागे कोणीच नाही त्यांच्यासाठी ती वापरायला वेगळा कायदा लागत नाही.

तिसरा आक्षेप सध्याच्या वातावरणात सर्वांत जोराने येतो. घुसखोरांचे काय? जानेवारी २०२५ मध्ये राज्याने उशिराच्या जन्मनोंदीचे दाखले देणे थांबवले, विशेष तपास पथक नेमले, आणि मार्चमध्ये अशा नोंदींसाठी कडक कार्यपद्धती आणली. परदेशी नागरिकाने खोट्या कागदावर राज्याच्या कोट्यातली जागा घेऊ नये, यात दुमत नाही. परंतु नागरिकत्व ठरवण्यासाठी देशाकडे स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र यंत्रणा आहे. महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीवरच्या कारकुनाने, आडनाव आणि बोली ऐकून, ते काम करायचे नाही. त्या संशयाचा खरा जाच बंगाली बोलणाऱ्या भारतीयाला, आणि ज्याची जन्मनोंद वेळेत झाली नाही अशा प्रत्येक गरिबाला होतो. पारध्याच्या मुलाची उशिरा झालेली नोंदही त्याच चाळणीत अडकते. अमेरिकेने या बाबतीत काय केले तेही पाहण्यासारखे आहे. १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आईबापांच्या कृत्याची शिक्षा म्हणून मुलांना सार्वजनिक शाळेबाहेर ठेवता येणार नाही. २००१ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने पुढचे पाऊल टाकले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ठरवले, की ज्याने राज्याच्या हायस्कुलात तीन वर्षे काढली आणि तिथून उत्तीर्ण झाला त्याने राज्यातल्या विद्यार्थ्यांइतकीच फी भरावी. टेक्सासची सवलत जून २०२५ मध्ये न्यायालयात संपुष्टात आली. म्हणजे तिथेही हा प्रश्न सुटलेला नाही. पण कॅलिफोर्नियाने वापरलेला निकष लक्षात घ्या. शाळेत काढलेली वर्षे. परक्या देशाच्या नागरिकांसाठी जो निकष एका राज्याला पुरला, तो आपल्याच देशाच्या नागरिकांसाठी आपल्याला अपुरा वाटावा, हे मला पटत नाही.

चौथा आक्षेप व्यावहारिक आहे. सवलत दिली की जागेसाठी लोक मुलांना इकडच्या शाळांत आणून टाकतील. म्हणूनच मुदत लांब हवी. आठवी ते बारावी ही सलग पाच वर्षे महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त शाळेत, आणि त्यात दहावी-बारावी दोन्ही इथून, एवढी अट घातली तर अकरावीत येऊन नाव नोंदवणारा आपोआप गळतो. महाविद्यालयातल्या एका जागेच्या आशेने तेरा वर्षांच्या पोराला घेऊन कोणी सहकुटुंब बुटीबोरीच्या खोलीत राहायला येत नाही. येतो तो कामासाठी. अशा मुलाला जन्मस्थळ किंवा वडिलांच्या रहिवासाचा वेगळा कागद न मागता महाराष्ट्राचा उमेदवार मानावे, फी सवलतीच्या आणि शिष्यवृत्तीच्या योजनांसाठी रहिवासी मानावे. २०२४-२५ पासून इतर मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बुटीबोरीत मोठी झालेली, जिच्या बापाचे वर्षाचे उत्पन्न दोन-अडीच लाख आहे अशी खुल्या वर्गातली मुलगी या योजनेला पात्र ठरायला हवी. अधिवास नाही म्हणून ती आर्थिक दुर्बलतेचा दाखलाही इथे काढू शकत नाही.

बी.ए., बी.कॉम.चे दार उघडे असतेच, मग तक्रार कशाची, असेही कोणी म्हणेल. दार उघडे आहे हे खरे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पारंपरिक अभ्यासक्रमांना अधिवासाची अट आड येत नाही. पण शिष्यवृत्तीशिवाय, रोजगाराची खात्री नसलेल्या अभ्यासक्रमात तीन वर्षे घालवणे मजुराच्या घराला परवडत नाही. मुलगा पहिल्या वर्षाचा अर्ज भरतो आणि दिवाळीच्या आत कंपनीत हेल्परीला लागतो. देशात १८ ते २३ वयोगटातल्या शंभरांपैकी २८ च्या आसपास तरुण उच्च शिक्षणात आहेत. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत ते ५० वर न्यायचे आहे. ही वाढ कुठून येणार? ज्या घरांत आधीच पदवीधर आहेत तिथून नव्हे. ती बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या खोल्यांतूनच यावी लागेल.

शिक्षण हक्क कायद्याने एक फार चांगली गोष्ट केली होती. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानेही बजावले, की आधार नाही म्हणून मुलाचे शिक्षण अडू नये. हे संरक्षण चौदाव्या वर्षी, आठवीनंतर संपते. कागद मागितले जाणार नाहीत असे सांगून राज्याने ज्या मुलांना आत घेतले, त्यांच्याकडून चार वर्षांनी तेच कागद व्याजासह मागायचे, ही विसंगती दूर करण्याचे काम पुढच्या चर्चेत व्हायला हवे. दरम्यान नवा कायदा आला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शैक्षणिक प्रवेशासह अनेक कामांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा असणार आहे. या नियमाखालची पहिली मुले जून २०२९ मध्ये पहिलीत येतील आणि फेब्रुवारी २०४१ मध्ये बारावीला बसतील. त्यातली काही आज टाकळघाटच्या आणि बुटीबोरीच्या अंगणवाड्यांत आहेत, आणि त्यांच्यापैकी ज्यांची नोंद अजून झालेली नाही ती करून घ्यायला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत अधिकारी आणि कारखान्यांचे मनुष्यबळ विभाग यांच्या हातात आज वेळ आहे.